आखाडाला पोरगा माहेरी धाडा

शेणवा, ता. शहापूर
९ मार्च २०२५

रंगूबाईंना सकूचा रामराम.

तुमाला विहीणबाई म्हणायचं का नाय ते अजून ठरलं नाय, म्हणून नावानंच लिहिते. परवा फोनवर आपलं जे झालं ते आख्ख्या आळीनं ऐकलं. तुमी बोलायला लागल्या की मी मधी बोलते, मी बोलायला लागली की तुमी. दीपेशनं शेवटी माझ्या हातातून फोन घेतला नि म्हणाला, "आये, तुला नि त्यांना जे काय बोलायचं ते लिहून बोला. लिहिताना तरी कोणाला मधी तोडता येणार नाय." म्हणून लिहिते. चौथी पास हाय मी. अक्षर बघून हसायचं काम नाय.

आता ऐका. तुमच्या शीतलला मी नावं ठेवत नाय. पोरगी चांगली हाय, उंच हाय, कामाची हाय. माझ्या पोराला आवडली, मलाबी आवडली. पण दीपेश म्हणतो, लगीन झाल्यावर मी वैशाखऱ्याला राहीन. अगो बाई! घरजावई? माझा एकुलता एक पोरगा, पोटाला चिमटा घेऊन आयटीआय केला, नि तो जाऊन सासूच्या दारात खाट टाकणार? आमच्या घरात आजवर सुना आल्या, पोरं गेली नायत. उद्या आमी दोघं म्हातारी झालो तर तांब्याभर पाणी कोण देणार? ह्यांना तर ऐकूबी कमी येतं.

पोरगी इकडं येऊ द्या. गिरणी इकडं आणा. आमच्या दारात पुढं जागा हाय, पत्रे मी घालून देते. यापरीस सोपं काय सांगू?

सकू

*

वैशाखरे, ता. मुरबाड
१७ मार्च २०२५

सौ. सकुबाई यांना रंगूचा नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे. मधे तोडता आलं नाय म्हणून दोनदा उठून पाणी प्यायले.

गिरणी म्हणजे पाटा-वरवंटा नाय, कडेवर घेऊन यायला. चार वर्षांमागं शीतलचे वडील काळूराम अचानक गेले. दहाव्याला आलेले पाहुणे म्हणत होते, गिरणी विका, बाईमाणूस पट्ट्याजवळ उभं राहील का? ही पोरगी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पदर खोचून आत गेली. दगडाला टाकी लावायला शिकली, पट्टा जोडायला शिकली. पहिले दोन महिने लोक टोकावड्याला दळायला गेले. मग पिठाला हात लावून बघितला नि परत आले. आता आजूबाजूच्या पाड्यांचं नाचणी-तांदूळ हिच्याकडं येतं. ती गेली तर शटर ओढायचं, एवढंच उरतं. मी तिला म्हटलं होतं, तू जा, मी राहीन कशीतरी. ती म्हणाली, "मग लग्नच नको."

आणि तुमच्या पोराला मी पळवून आणला नाय, सकुबाई. तो गिरणीची मोटर जळाली म्हणून आला होता. मोटर एका दिवसाची, तो तीन दिवस आला. मी चहा केला, तेवढाच माझा गुन्हा. राहायला इथं येतो हेही त्यानंच काढलं. शीतलनं नाय, मी तर नायच. रोज आटगावहून लोकलनं कल्याणला कामाला धावण्यापेक्षा गिरणीच्या पुढच्या खोलीत जळक्या मोटरी भरायचं, वायंडिंगचं दुकान टाकीन, म्हणाला.

तुमचं दुखणं मला कळतं. एकच मूल मलाही आहे. तुम्ही एकदा या आणि बघा. बघून नाय म्हणालात तर मी पुढं एक अक्षर लिहिणार नाय.

रंगू

*

शेणवा
२ एप्रिल २०२५

रंगूबाई,

परवा येऊन गेले ते तुमी बघितलंच. तुमी केलेली नाचणीची आंबील चांगली होती, मीठ कमी होतं.

तुमची लेक काय बाई हाय! केसांत पीठ, भुवयांत पीठ, नि त्या धडधडीत उभी राहून म्हातारीशी पण हसून बोलते, पोराला पण दटावते. माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, जरा मागं सरा, पट्टा हाय." पहिल्यांदाच आई म्हणाली नि तेबी दटावून. मी मागं सरले. आमच्या शेणव्यात सून सासूला मागं सर म्हणाली असती तर चार दिवस चर्चा झाली असती. परतीच्या गाडीत मी ह्यांना म्हणलं, ही पोरगी शेणव्यात आणून चुलीपुढं बसवली तर पाप लागंल. हे म्हणाले, "क्काय?" मी परत नाय सांगितलं.

तर होकार हाय माझा. रडून दिलाय, पण दिलाय.

पण एक अट. पोरगी परक्या घरी जाते तेव्हा तिला चार मान असतात, म्हणून तिचं काळीज टिकतं. आता माझा पोरगा परक्या घरी येतो. तर सुनेला जे जे मान, ते ते सगळे माझ्या पोराला. कबूल असंल तर लिहून कळवा. मग तुमाला विहीणबाई म्हणीन.

सकू

*

वैशाखरे
८ एप्रिल २०२५

विहीणबाई (मीच आधी म्हणते),

अट कबूल. सगळे मान कबूल. वाचून शीतल एवढी हसली की दळण सांडलं. जावयाची ओटी भरायची असंल तर नारळ मी आणते, ब्लाऊजपीस तुम्ही आणा.

रंगू

*

वैशाखरे
२६ मे २०२५

विहीणबाईंना नमस्कार.

लग्न तुमच्या दारात छान झालं. तुम्ही नि मी एकाही गोष्टीवरून भांडलो नाय, याचं पाहुण्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

दीपेश बरा आहे. सकाळी दुकान उघडतो, मोटरी येऊ लागल्या आहेत. शीतल गिरणीतून दमून आली की हा भाकरी टाकतो. भाकरी जाड होते, पण टाकतो. आमच्या शेजारची भिंतीवरून डोकावून बघते नि जाऊन सांगते. सांगू दे.

तुम्हाला लपवून काय करू? संध्याकाळी तो ओट्यावर बसतो नि रस्त्याकडं बघत राहतो. विचारलं तर म्हणतो, "काय नाय." काल बोंबलाची चटणी केली, दोन घास खाऊन म्हणाला, "आये यात चिंच घालते." मग एकदम लाजला, मला वाईट वाटलं असेल म्हणून. वाईट नाय वाटलं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा महिनाभर मीही असंच करत होते. फक्त मला ते मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. आज चटणीत चिंच घातली आहे.

रंगू

*

शेणवा
२० जून २०२५

विहीणबाईंना सकूचा रामराम.

चिंचेचं वाचून पदर डोळ्याला लावला. पण आता कामाचं बोलते.

पुढच्या आठवड्यात आखाड लागतो. पहिल्या आखाडात नव्या नवरीनं सासूचं तोंड बघायचं नाय, तिला महिनाभर माहेरी धाडायचं, ही आपली रीत. आता तुमच्या घरात नवीन माणूस कोण? शीतल तर तिच्याच घरात हाय. नवीन माणूस माझा पोरगा. त्याची सासू कोण? तुमी. तर आखाडभर त्यानं तुमचं तोंड बघायचं नाय. दीपेशला माहेरी धाडा. एक महिना. मोजून एक महिना.

तुमी म्हणाल, सकू चेष्टा करते. नाय करत. तुमी लिहून दिलंय, सगळे मान कबूल. तुमचं पत्र मी देवाच्या फळीवर ठेवलंय.

लावणीचे दिवस हायत, तुमालाबी माणूस लागंल, हे कळतं मला. पण आमच्या पोरींचं माहेर कधी कोणी लावणी हाय म्हणून चुकवलं नाय. इकडं सगळं ठीक. ह्यांचा पाय बांधावरून जरा मुरगळलाय, विशेष काय नाय. दीपेशला बोलू नका.

खरं सांगू का? मला माझा पोरगा दया म्हणून यायला नको. मान म्हणून यायला पायजे. एवढंच.

सकू

*

वैशाखरे
२५ जून २०२५

विहीणबाई,

पत्र वाचलं आणि आधी डोकंच फिरलं. म्हटलं, ही बाई हसत हसत फास टाकते. इकडं रोप तयार आहे, चिखलणीचा टिलर दीपेशशिवाय कोणाला चालवता येत नाय, मजूर मिळायचं नाव नाय, शीतल गिरणी सोडून निघू शकत नाय. एप्रिलमधलं तुमचं पत्र मी चेष्टेवारी नेलं, ही माझी चूक. तुम्ही पोरगा देत होतात नि मी ब्लाऊजपीसची मस्करी करत होते.

दिवसभर मी रागात होते. मग माझी आजेसासू आठवली.

भिमी तिचं नाव. मी लग्न होऊन आले तेव्हा ती पिकली होती, दात नव्हते, पण बोलणं खणखणीत. तिनं सांगितलेलं सांगते. शंभर वर्षांच्याही मागची गोष्ट. ती घाटावरची, जुन्नरच्या अंगाची. नऊ वर्षांची होती, लग्न लावून खाली पाठवली. तेव्हा पोरीला विचारायची पद्धत नव्हती, आईलाही नव्हती. पहिला आखाड आला. न्यायला भाऊ यायचा होता. घाटात पाण्याचे लोंढे, वाट वाहून गेलेली. भाऊ आला नाय. पोरगी दारात बसून राहिली, जेवेना. गावातले म्हणू लागले, आता ही सासूचं तोंड बघणार, घराला बाधणार.

तिची सासू तोंडाची फार कडक होती म्हणे, सगळी आळी भ्यायची. तिनं काय करावं? आपलं घोंगडं उचललं नि शेतावरच्या खोपटात राहायला गेली. जाताना दाराबाहेरूनच पोरीला म्हणाली, "ते घाटावरचं माहेर पाण्यात गेलं. मी निघाले. महिनाभर हेच तुझं माहेर. खा, झोप, सागरगोट्या खेळ." आणि खरंच महिनाभर घरात आली नाय. भिमी रोज बांधावर भाकरी ठेवायची. सासू पाठमोरी यायची, डोक्यावरचं इरलं तोंडावर ओढून, नि भाकरी उचलून जायची. भिमी हे सांगताना दरवेळी रडायची. म्हणायची, "माझ्या आईनं मला पाठवली. माहेर मला सासूनं दिलं."

विहीणबाई, रीत अशी आहे की दीपेशनं माझं तोंड बघायचं नाय. त्यानंच घर सोडलं पाहिजे, असं कुठं म्हटलंय? मी सोडते. आखाडभर मी शेणव्याला येते. हे घर महिनाभर त्याचं माहेर. नवरा-बायको इथली लावणी उरकतील, मी तुमची. तुमच्या ह्यांच्या, नथूभाऊंच्या पायाचं "विशेष काय नाय" मला लिहिण्यावरूनच कळलं, अक्षर तिथंच तिरकं झालंय. दीपेशला मी सांगितलं नाय.

तुम्ही पोरगा मागितला नि विहीण येते, राग येणार. दारातून परत पाठवलीत तर परत जाईन. उद्याच्या एस.टी.नं निघते, सरळगावला गाडी बदलीन.

रंगू

*

शेणवा
६ जुलै २०२५

माझी शीतल बाय,

तुझ्या आईचं पत्र आलं तेव्हा तुझी आई माझ्या चुलीपुढं बसून त्यातलंच मला तोंडी सांगत होती. पावसात टपाल मागं राहिलं, बाई पुढं आली. आधी काय झालं ते ऐक.

दारात ही उभी. हातात पिशवी, खांद्यावर प्लॅस्टिक. मी म्हणलं, दीपेश कुठाय? म्हणाली, "तो माहेरी हाय." मला काय कळंना! कळलं तेव्हा मी जी भडकले गो, विचारू नको. म्हणलं, मी पोरगा मागितला होता, मजूर नाय! नि आत जाऊन बसले. त्या सांजेला मी हिच्याशी एक शब्द बोलले नाय. ही गप्प भात शिजवून, ह्यांना वाढून, ह्यांच्या पायाला हळद-तेल लावून मोकळी झाली. हे मला म्हणतात, "विहीण चांगली हाय, ठेवून घे."

सकाळी उठून बघते तर ही शेतात. मी धावले. माझ्या शेतात माझ्याआधी कोणी उतरलं तर मला चालत नाय. तिथं आमचं भांडण लागलं. ही दोन-दोन काड्या लावते, आमी मूठभर लावतो. मी म्हणलं, विरळ लावून माझं पीक बुडवाल. ही म्हणते, दाट लावून तुमी बियाणं बुडवता. बांधावर बाया जमल्या. गाव म्हणायला लागलं, सकूनं विहीण लावणीला आणली. हसत होत्या सगळ्या. मग शेजारची रेश्मा म्हणाली, "बघत काय बसायचं, आमालाबी विहिणी-विहिणींचं ऐकायचंय," नि साडी खोचून उतरली. तिच्यामागं अजून चार. तीन दिवसांत आमची सगळी लावणी झाली. अर्धं शेत दाट, अर्धं विरळ. आता कोणाचं जास्त पिकतं बघू. तुझी आई हरणार.

आता तुला मनातलं सांगते. मी पोरगा मागितला तो लावणीसाठी नाय. मला वाटत होतं, तो हळूहळू तुमचा होईल नि मी फोनवरची आये राहीन. घर गिळायला उठायचं. तीन माणसांची भाकरी थापायची सवय, दोघांची थापताना हात अडायचा. आता तुझी आई रोज जेवताना माझ्या ताटाकडं बघते नि म्हणते, "अजून घ्या." या घरात आल्यापासून मी सगळ्यांना वाढलं, बाय. मला "अजून घ्या" कोण म्हणालं नव्हतं.

हे तिला सांगू नको. तिला आधीच लय वाटतं स्वतःचं.

तुझी सासू, सकू

*

वैशाखरे
१४ जुलै २०२५

ती. आईंना शीतलचा नमस्कार.

तुमचं पत्र मी दीपेशला वाचून दाखवलं. बाबांच्या पायाचं त्याला तेव्हाच कळलं. आधी चिडला, मग उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "आयेनं मला सांगितलं का नाय?" मी म्हटलं, तू दया म्हणून आला असतास. तिला मान हवा होता.

इकडची लावणी झाली. दीपेशनं चिखलणी केली, मी पहाटे नि दुपारी शेतात, मधे गिरणी. एक दिवस मी फारच दमले होते तर त्यानं गिरणी चालवली. लोक म्हणाले पीठ जाड आलं. मी त्याला म्हटलं, तुझं सगळंच जाड.

आई, एक सांगायचं होतं. मला लग्नाच्या दिवशी तुमच्या डोळ्यांत बघायला भीती वाटत होती. वाटायचं, मी माझी गिरणी राखली आणि तुमचं घर रिकामं केलं. एकाच गोष्टीनं मला आनंदही होतो नि अपराधीही वाटतं. माझ्या आईला हे सांगता येत नाय, ती लगेच हसते. तुमचा हक्क खरा आहे. आखाड संपायला दहा दिवस आहेत. दीपेशला पाठवते. मी एकटी राहीन, दुकान बंद ठेवू, आईला तिथंच राहू द्या, तोंडबिंड आपण नंतर बघू. तुम्ही म्हणाल तसं.

तुमची शीतल

*

शेणवा
२९ जुलै २०२५

विहीणबाईंना सकूचा रामराम.

शीतलला मी फोन करून सांगितलं होतं, नको पाठवू, आखाड संपू दे, रीत ती रीत. तिचं पत्र मी तुमाला दाखवलं नाय. आता सांगते, तुमची लेक तुमच्यापेक्षा शहाणी हाय. तिला म्हणलं, बाय, घर तू रिकामं केलं नाय. मीच दार लावून आत बसले होते. तू गिरणी चालव नि जोरात चालव.

दिव्यांच्या अवसेच्या दुसऱ्या दिवशी दीपेश तुमाला न्यायला आला, तेव्हा काय झालं ते तुमी बघितलंच. पोरगा पाया पडला, बापाचा पाय दाबत बसला, मला मिठी मारली, मी हसत होते. नि तुमी पिशवी उचलली तसं मला जे रडू फुटलं! हे दारात उभे राहून विचारतात, "नक्की कोणाची पाठवणी हाय?" आता आळीत तेच चाललंय. पोरगा गेला तेव्हा सकू रडली नाय, विहीण गेली तर आळी गोळा केली.

तुमी गेल्या त्या दिवशी मी ताट घेऊन बसले. बसले नि तुमचं "अजून घ्या" कानात आलं. स्वतःच अजून घेतलं. जेवले पोटभर.

आता तुमाला एक विचारते, हसू नका. माझं माहेर तिकडं कसाऱ्याच्या अंगाला. आई-बाप कधीच गेले. भाऊ होता तोवर दरवर्षी न्यायला यायचा, पावसात भिजून, डोक्यावर पोतं घेऊन. तो गेला त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून मला न्यायला कोणी आलं नाय. बाईच्या जातीला म्हातारपणी कोण न्यायला येतं? मीबी कोणाला म्हणलं नाय. तुमच्या भिमीची गोष्ट ऐकली नि तेव्हापासून भावाच्या डोक्यावरचं ते पोतं रोज डोळ्यापुढं येतं.

मी एवढे दिवस मांडत बसले, माझा पोरगा परक्या घरी गेला. कुठलं परकं? तिथं माझा पोरगा राहतो, माझी सून राहते, नि तुमी हाय. चटणीत चिंच हाय. मग ते माझं कोण लागतं, तुमीच सांगा.

तर दिवाळीला दीपेशला माझ्याकडं सणाला धाडू नका. न्यायला धाडा. ह्यांनाबी घेऊन येते, भात कापून झालं की निघतो. त्याला सांगा, टाइमावर ये, नि दारात उभं राहून मोठ्यानं म्हण, म्हणजे आख्ख्या आळीला ऐकू जाईल: "आये, चल, तुला माहेरी न्यायला आलोय."

तुमची सकू